कुत्र्याला गाडीतून नेताना सीट कशी वाचवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर गेली नऊ वर्षं एक तीस किलोचं ध्यान बसतंय आणि त्याच्याआधी दुसरं एक बसायचं, त्यामुळे ओळखीत कोणी कुत्रं आणलं की चौथ्या दिवशी मला फोन येतो, सीटचं काय करू म्हणून. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकतोय. यातलं निम्मं मी आधी चुकून मग शिकलोय.

जुनी चादर टाकली की झालं ना, कव्हर कशाला विकत घ्यायचं?

चादर टाका आणि पहिल्या वळणानंतर आरशात बघा. कुत्रं बसायच्या आधी जागच्या जागी दोनतीन गोल चकरा मारतं, तेवढ्यात चादरीचा बोळा होतो, बोळा कोपऱ्यात जातो आणि साहेब उघड्या सीटवर. पण खरा घोळ वेगळाच आहे. पायाखालचं कापड सरकायला लागलं की कुत्रं पुढचे पाय फाकवतं आणि नखं रोवतं, प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणाला, आणि ती नखं पातळ चादरीतून सरळ सीटच्या कापडात जातात.

माझं तर स्पष्ट मत आहे की सीटची वाट घाणीने कमी लागते आणि घसरण्याने जास्त. ओरखडे त्यातूनच येतात, सतत तोल सावरताना कुत्रं घाबरतं आणि घाबरलं की लाळ गाळतं, पुढे उलटीही कधीकधी त्यातूनच. म्हणून कव्हर बघताना रंग आणि खिसे नंतर बघा, आधी एवढंच बघा की कव्हर सीटवर आणि कुत्रं कव्हरवर घट्ट राहतं का. चादरच वापरायची असेल तर खाली गालिच्याखाली घालतात तसली रबरी जाळी किंवा जुनी योगा मॅट टाका आणि चादरीची मागची कड सीट आणि पाठीच्या फटीत चांगली आतपर्यंत खोचा. छोट्या प्रवासाला तेवढं पुरतं.

कव्हरचे इतके प्रकार आहेत, नेमकं कुठलं घ्यायचं?

मोटामोटी चार प्रकार. एक साधं, जे मागची सीट आणि पाठ झाकतं. दुसरं झोळीसारखं, ज्याला हॅमॉक म्हणतात, ते मागच्या आणि पुढच्या दोन्ही हेडरेस्टला अडकवायचं, मग मधली पाय ठेवायची जागाही झाकली जाते. तिसरं पुढच्या एकट्या सीटचं. चौथं डिकीत घालायचं.

एकटं कुत्रं मागे बसणार असेल तर झोळी घ्या. मातीचे पाय, लाळ, केस सगळं त्या झोळीत राहतं आणि ते दोन पुढच्या सीटच्या मधून घुसून गिअरवर डोकं ठेवायला येत नाही. मात्र झोळीने मागचे एसीचे व्हेंट झाकले जातात हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, पुढे थंडगार आणि मागे कुत्रं धापा टाकतंय. म्हणून मधे जाळीची खिडकी असलेली झोळी बघा. आणखी एक, साध्या झोळीला खाली आधार काहीच नसतो, जड कुत्र्याने मधे पाय ठेवला की तो पाय खाली जातो आणि मग ते कडेकडेने बिचकत बसतं. तळाला कडक पाट असलेल्या झोळ्या मिळतात, नाहीतर खालच्या मोकळ्या जागेत एखादी बॅग किंवा जुनी उशी भरा.

मागे माणूसही बसणार असेल तर झोळी अडचणीचीच. अशा वेळी साधं कव्हर बरं, किंवा मधून चेन उघडून अर्धी झोळी करता येते ते.

कापडाचं बोलायचं तर जाड पॉलिस्टर टिकतं. बेल्टचं बकल बाहेर काढायला चिरा हव्यात. आणि मागे दोन प्लास्टिकच्या नळकांड्या असतात, त्या सीटच्या फटीत आत दाबायच्या आणि आडव्या फिरवायच्या. अनेक लोक त्या तशाच लोंबत ठेवतात आणि मग कव्हर सरकतं म्हणून तक्रार करतात.

वॉटरप्रूफ लिहिलेलं कव्हर होतं तरी खाली सीट ओली कशी झाली?

हे माझ्या बाबतीत झालंय. छान गुबगुबीत, चौकटी चौकटीची शिवण असलेलं कव्हर घेतलं होतं, दुकानदाराने छाती ठोकून वॉटरप्रूफ म्हणून दिलेलं. एका प्रवासात आमच्या ध्यानाने त्यावर सू केली, वरून पुसून घेतली आणि विसरून गेलो. तीन दिवसांनी गाडीचं दार उघडलं तर आतून असा भपकारा आला की मी दोन पावलं मागे सरकलो. कव्हर उचललं तर खाली सीटवर शिवणीच्या रेषेत ठिपक्या ठिपक्यांचा डाग, अगदी कोणीतरी टाके घातल्यासारखा.

कारण साधं आहे. कापड वॉटरप्रूफ असतं, शिवण नसते. सुई जिथे गेली तिथे भोक, आणि त्यावर कुत्रं बसलं की वजनाने पाणी त्या भोकातून खाली ढकललं जातं. म्हणून नुसतं पाणी शिंपडून तपासू नका. कव्हर बाथरूममध्ये वर्तमानपत्रावर पसरा, शिवणीवर पेलाभर पाणी ओता, त्यावर हाताने जोर देऊन दहा मिनिटं थांबा आणि मग खालचा कागद बघा. कागद भिजला तर परत करा, किंवा कव्हरखाली एक साधं प्लास्टिकचं मेणकापड घाला, लहान बाळाच्या गादीवर घालतो तसलं. मी आता कव्हर कितीही भारी असलं तरी खाली घालतोच. फक्त मेणकापड गुळगुळीत असतं, तेव्हा त्याच्या वर आणि खाली रबरी जाळी हवी, नाहीतर परत तेच घसरणं.

लेदर किंवा रेक्झिनच्या सीटला वेगळं काय करायचं?

त्या पुसायला सोप्या, हा मोठा फायदा, केस त्यात अडकत नाहीत. पण नखाचा ओरखडा कायमचा आणि घसरायला तर विचारूच नका, म्हणून इथे खाली रबर असलेलं कव्हर सगळ्यात गरजेचं. फक्त ते महिनोन्महिने काढलंच नाही असं करू नका. कव्हर आणि सीटच्या मधे वाळूचा एक कण अडकला तरी तो कुत्र्याच्या प्रत्येक हालचालीला घासत राहतो, आणि काही रबरांचे डाग उन्हात तापून लेदरवर उठतात. दोन आठवड्यांतून एकदा काढून खालून झटकायचं. बारीक भोकं असलेल्या हवेच्या सीट असतील तर पाणी किंवा क्लीनर थेट सीटवर मारायचा नाही, फडक्यावर घेऊन पुसायचं, नाहीतर सगळं आत जातं. आणि गरम होणारी सीट असेल तर कव्हर पक्कं करायला पिना टोचू नका, आत वायर असतात.

सगळ्या सीटवर कायमची कव्हरं चढवली तर?

पुढच्या सीटच्या बाबतीत थांबा. बऱ्याच गाड्यांमध्ये बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते, दाराकडच्या कडेला एअरबॅग असं छोटं लेबल दिसेल. तिथे पूर्ण मोज्यासारखं चढवलेलं जाड कव्हर एअरबॅग उघडताना आडवं येऊ शकतं. त्या बाजूला मोकळी जागा सोडलेलं कव्हरच घ्या आणि गाडीचं मॅन्युअल एकदा उघडून बघा, हो, ते डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पुस्तक. आणि कुत्रं शक्यतो पुढे बसवूच नका, समोरची एअरबॅग माणसाच्या मापाने बनवलेली असते, कुत्र्याच्या नाही.

झोळी आहे म्हणजे कुत्रं सेफ आहे, मग बेल्ट नको ना?

हवा. झोळी कुत्र्याला खाली पडू देत नाही एवढंच, जोराचा ब्रेक लागला तर त्या हेडरेस्टच्या पट्ट्या काही कामाच्या नाहीत. साधं गणित सांगतो, गाडी ताशी ५० किमी वेगात असेल आणि धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर २० किलोच्या कुत्र्याचा पुढे जाणारा जोर जवळपास ४०० किलोच्या वजनाएवढा होतो. म्हणून छातीला रुंद पट्टे असलेला हार्नेस घालायचा आणि तो सीटबेल्टला जोडायचा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही, झटका बसला तर मानेला बसेल.

दोरी किती लांब? उठून बसता यावं, कूस बदलता यावी, पण सीटच्या पुढे जाता येऊ नये. आणि हे सीटसाठीही बरं बरं का, कारण कुत्रं एका जागी राहिलं की घाणही एकाच जागी राहते. आमच्या ध्यानाची आणखी एक कला म्हणजे बकलच्या लाल बटणावर पाय देऊन बेल्ट सोडवणे, बकल चिरेतून अर्धवटच बाहेर आलं असेल तर हे हमखास होतं. बकलचं तोंड पाठीकडे वळवून ठेवलं तेव्हा थांबलं.

केस सीटमध्ये रुतून बसलेत, व्हॅक्युमने निघत नाहीत.

लांब केस सोपे, ते वर राहतात. वैताग आणतात ते आखूड, ताठ केस. ते सुईसारखे कापडाच्या विणीत शिरतात आणि व्हॅक्युम कितीही ओढला तरी तसेच. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, हात किंचित ओला करा आणि सीटवरून एकाच दिशेने आपल्याकडे ओढत या. केसांच्या वळकट्या तयार होतात, अगदी शेवयांसारख्या, त्या उचलायच्या आणि मग व्हॅक्युम. काच पुसायचा रबरी वायपर असतो तोही उत्तम चालतो. मोजे ओले म्हणजे दमट हं, थबथबलेले नाही, नाहीतर केसांचा चिखल होतो. सीटच्या फटीत वायपर जात नाही, तिथे जुना टूथब्रश.

पण खरं काम गाडीत बसायच्या आधीचं. निघण्याआधी पाच मिनिटं बाहेर उभं राहून ब्रश फिरवा. जे केस ब्रशमध्ये येतील ते सीटवर येणार नाहीत, एवढं सोपं आहे आणि तरी कोणी करत नाही, मीही निम्म्या वेळा विसरतो.

सीटवर सू केली, आता काय?

पहिल्या पाच मिनिटांत जे कराल त्यावर सगळं ठरतं. गाडी बाजूला घ्या, टिश्यू किंवा जुना टॉवेल ठेवा आणि दाबा. घासायचं नाही, घासलं की डाग पसरतो आणि आत जातो. टॉवेल बदलत बदलत, वर गुडघ्याने वजन देऊन, कोरडा टॉवेल कोरडाच निघेपर्यंत दाबा. मग थोडं साधं गार पाणी शिंपडून परत तसंच.

घरी आल्यावर एन्झाइमवाला क्लीनर, पाळीव प्राण्यांचं सामान मिळतं तिथे असतो. तो मारायचा आणि लगेच पुसायचा नाही, इथेच लोक चुकतात. एन्झाइमला काम करायला वेळ लागतो, बाटलीवर लिहिलाय तितका वेळ ती जागा ओलसर ठेवायची. आणि सू जितकी खोल गेली तितकाच क्लीनरही खोल जायला हवा, वरवर फवारून फोममधला वास जात नाही. तो वास राहिला की कुत्र्याच्या दृष्टीने ती जागा ठरलेली, पुढच्या वेळी परत तिथेच.

अमोनिया असलेले क्लीनर वापरू नका, सू कुजली की त्यातूनही अमोनियाच निघतो, म्हणजे वास घालवायला वासच आणला. ब्लीच तर अजिबात नको, ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की विषारी वायू तयार होतो आणि गाडी म्हणजे बंद डबा. गरम वाफेचं मशीनही आधी नको, उष्णतेने डाग आणि वास पक्का बसतो. आणि उत्साहाच्या भरात सीटवर बादली ओतू नका. फोम पाणी पिऊन बसतो, वाळायला दिवसच्या दिवस लागतात आणि मग बुरशी. पुढच्या सीटखाली तर एअरबॅगच्या वायर आणि वजन ओळखणारे सेन्सर असतात.

आमचं पिल्लू दर वेळी उलटी करतं.

पिल्लांचं हे नॉर्मल आहे, त्यांच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अजून पूर्ण तयार नसते, बरीच पिल्लं मोठी झाली की आपोआप बंद होतं. निघायच्या आधी तीनचार तास जेवण देऊ नका, थोडं पाणी चालेल. फारच लहान पिल्लू असेल तर किती वेळ उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. उलटीच्या आधी ते सांगतं, फक्त आपल्याला कळायला हवं. ओठ चाटतं, जांभया देतं, तोंडातून लाळेची तार लोंबायला लागते. तार दिसली की थांबा आणि दहा मिनिटं खाली चालवा, सीट वाचली म्हणून समजा.

झालीच उलटी तर आधी जाड भाग पुठ्ठ्याने खरवडून उचला, मग गार पाणी, मग टिपणं. गरम पाणी नको, त्यातली प्रथिनं कापडात शिजून चिकटतात, रक्ताच्या डागालाही हाच नियम. वास मारायला सुकल्यावर बेकिंग सोडा पसरून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्युम, पण तेवढा वेळ कुत्र्याला गाडीत सोडू नका, सोडा चाटून पोटात गेला तर त्रास होतो. उलट्या थांबतच नसतील तर कुत्र्यांसाठी मॅरोपिटंट नावाचं औषध आहे, डॉक्टर वजन बघून देतात. माणसांच्या प्रवासाच्या गोळ्या मनाने देऊ नका.

पावसात भिजलं किंवा पाण्यात उतरलं, आता गाडीत कसं घेऊ?

ओल्या कुत्र्याचा तो खास वास पाण्याचा नसतो. केसांत राहणारे जीवाणू आणि यीस्ट आधीपासून तिथेच असतात, पाण्याची वाफ होताना त्यांचा वास हवेत सुटतो. म्हणजे परफ्यूम मारून काही होत नाही, कोरडं करणं हाच उपाय. दोन टॉवेल ठेवा, एक अंगाला, एक फक्त पायांना आणि पोटाला, कारण पोटाखालूनच सगळ्यात जास्त पाणी गळतं आणि तिथेच कोणी पुसत नाही. टॉवेलचे बाह्या असलेले झगे मिळतात, घातले की कुत्रं एखाद्या बॉक्सरसारखं दिसतं, पण कामाचे आहेत. गाडीत बसल्यावर एसी बाहेरची हवा घेणाऱ्या मोडवर ठेवा, आतली हवा फिरवत राहिलात तर तोच दमटपणा सीटमध्ये मुरतो.

चिखल मात्र उलटा. सीटवर चिखलाचा पाय उमटला तर ओला असताना हात लावू नका. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झटका, व्हॅक्युम करा, जेमतेम डाग उरतो.

सुगंधी तेलांचे फ्रेशनर नकोच. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी असतं, आणि तसंही आपल्याला मंद वाटणारा वास त्याच्या नाकाला डोकेदुखी.

सीट कुरतडतंय, सीटबेल्टसुद्धा चावला.

बेल्ट चावला असेल तर तो शिवून घेऊ नका, बदला. अर्ध्या रुंदीपर्यंत चावलेला बेल्ट दिसायला ठीक वाटतो पण धडकेत तिथेच तुटतो, आणि उद्या त्या जागी माणूस बसणार आहे. बाकी कुरतडणं बहुतेक वेळा कंटाळा किंवा गाडीत एकटं सोडल्याची घालमेल. चावायला त्याचं काहीतरी द्या. नखांचं म्हणाल तर फरशीवर चालताना टकटक आवाज येत असेल तर कापायची वेळ झालीये.

आणि एकटं सोडण्यावरून एक सांगतोच, सीटचा विषय नसला तरी. बाहेर २१ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ३२ आणि अर्ध्या तासात ४० अंश होतात, काच दोन बोटं उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

डिकीत बसवलं तर सीटचा प्रश्नच मिटला ना?

जिथे डिकी आणि आतली जागा एकच आहे तिथे हो, बंद डिकीच्या गाडीत अर्थातच नाही. मधे जाळी हवी नाहीतर ते सीटच्या पाठीवरून उडी मारून पुढे येतं. खाली उभ्या कडा असलेला रबरी ट्रे घाला, आणि बंपरवर लोंबणारा पदर असेल तर उत्तम, कारण चढताना पुढच्या पायांचे सगळे ओरखडे बंपरच्या रंगावरच पडतात.

दाराच्या आतल्या बाजूला ओरखडे आणि काचेवर नाक.

बाजूचे फ्लॅप असलेलं कव्हर दार वाचवतं. काचेवरची नाकाची नक्षी वाळली की हट्टी होते, ओल्या मायक्रोफायबरने दोनदा पुसा. काचांचं बटण लॉक करून ठेवा, कुत्र्याचा पंजा बरोबर त्यावरच पडतो.

पिसवा सीटमध्ये जातात का?

जातात. पिसवांची अंडी चिकट नसतात, कुत्र्याच्या अंगावरून घरंगळून सीटच्या फटीत पडतात आणि कोशातली पिसू महिनोन्महिने तिथे थांबू शकते. कुत्र्यावर औषध चालू असताना गाडीही फटीफटीतून व्हॅक्युम करत राहा आणि व्हॅक्युमची पिशवी लगेच बाहेर टाका.

कव्हर मशीनमध्ये धुतलं तर चालतं?

लेबल बघून. आधी घराबाहेर झटका, केस काढा, नाहीतर ते मशीनच्या जाळीत आणि पुढच्या खेपेला तुमच्या शर्टावर. गार पाणी, साधा साबण, आणि फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने पाणी अडवायचे गुण जातात. ड्रायरच्या गरम हवेत खालचा थर पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून सावलीत वाळत घाला, रबराची बाजू वर करून. सीटवर परत घालताना दोन्ही बाजू हाताने चाचपा, शिवणीत ओल राहते.

नवीन कव्हर घातलं तर कुत्रं त्यावर चढायलाच तयार नाही.

नवा वास, पायाखाली करकर आवाज, त्याचंही बरोबर आहे. ओढून चढवू नका. कव्हर आधी घरात जमिनीवर अंथरा, त्यावर खाऊ द्या, झोपू द्या. मग उभ्या गाडीत, इंजिन बंद, दारं उघडी. मग एक छोटी चक्कर. आमच्याकडे चार दिवस हॉलमध्ये अंथरलं आणि पाचव्या दिवशी उचलून गाडीत घातलं, तर महाशय हॉलमध्ये त्याच रिकाम्या जागेवर बसून माझ्याकडे टक लावून बघत होते. आता ते शिवणीतून गळणारं जुनं कव्हर कायमचं तिथे पडलेलं असतं.